मेनू, शेफ, बुफे, रेस्टॉरंट... खाण्यापिण्याचे इतके शब्द फ्रेंचच का आहेत?

लग्नाच्या रिसेप्शनला पंगत नसेल तर 'बुफे' असतो. हॉटेलात टेबल मिळालं की आधी 'मेनू कार्ड' मागवलं जातं. आत भटारखान्यात 'शेफ' असतो, मुलांच्या सँडविचमध्ये 'मेयोनीज' असतं, नाश्त्याला 'ऑम्लेट' असतं आणि गप्पा मारायला 'कॅफे' असतो. यातला प्रत्येक शब्द मूळचा फ्रेंच. इंग्रजीचं बोट धरून तो आपल्याकडे आला आणि इतका रुळला की आता परका वाटतच नाही. खुद्द 'रेस्टॉरंट' हा शब्दसुद्धा तिथलाच.

इटलीचा पिझ्झा जगभर गेला, चीनच्या नूडल्स गेल्या. तसे फ्रान्सचेही पदार्थ गेले, पण त्यांच्याहून लांब गेली ती फ्रान्सने बसवलेली जेवणाची व्यवस्था. आधी काय वाढायचं, नंतर काय, स्वयंपाकघरात कुणी काय करायचं, गिऱ्हाईकाला यादी कशी द्यायची, हे सगळं त्यांनी ठरवलं आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवलं. ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. तिच्यामागे राजवाडे आहेत, पावासाठी निघालेला मोर्चा आहे, रस्त्यावर सोडून दिलेला एक मुलगा आहे आणि चक्क टायर बनवणारी एक कंपनीही आहे.

फ्रेंच जेवण एके काळी मसालेदार होतं

चौदाव्या शतकातलं फ्रेंच राजघराण्याचं जेवण आजच्या फ्रेंच माणसाला ओळखूच येणार नाही. त्यात आलं, दालचिनी, लवंग, मिरी आणि केशर यांचा सढळ वापर असायचा. आंबटपणासाठी कच्च्या द्राक्षांचा रस घालायचे. रस्सा दाट करायला पावाचा चुरा किंवा बदामाची पूड वापरायचे. त्या काळातल्या राजाच्या मुख्य आचाऱ्याच्या, म्हणजे ताय्यव्हाँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गियोम तिरेलच्या नावावर 'ल व्हियांदिए' हा पाककृतींचा संग्रह आहे. त्यात अशीच मसाल्यांची रेलचेल दिसते.

यातली मिरी यायची कुठून? तर आपल्या मलबार किनाऱ्यावरून. अरब व्यापारी, मग व्हेनिसचे व्यापारी असे हात बदलत ती फ्रान्समध्ये पोचेपर्यंत भलतीच महाग झालेली असायची. त्यामुळे पदार्थात मसाला किती आहे, यावरून यजमानाची ऐपत कळायची.

एवढा थाट, पण जेवायला काटे नव्हते. शिळ्या पावाचा जाड काप हेच ताट. त्यावर मांस ठेवायचं आणि बोटांनी खायचं. रस्सा मुरलेला तो पाव नंतर बऱ्याचदा गोरगरिबांना दिला जायचा.

इटलीच्या राजकन्येची गोष्ट आणि खरा बदल

फ्रेंच पाककलेचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १५३३ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली १४ वर्षांची कॅथरिन लग्न होऊन फ्रान्समध्ये आली. सोबत इटालियन आचारी घेऊन आली आणि तिने फ्रेंचांना जेवायला शिकवलं.

गोष्ट छान आहे, पण आजचे इतिहासकार ती मान्य करत नाहीत. कारण साधं आहे. कॅथरिन आल्यानंतरच्या काळातली फ्रेंच पाककृतींची पुस्तकं पाहिली तर पदार्थ जुन्याच वळणाचे दिसतात. खरा बदल दिसतो तो शंभरएक वर्षांनी.

१६५१ मध्ये ला व्हारेन नावाच्या आचाऱ्याचं 'ल क्विझिनिए फ्राँस्वा' हे पुस्तक आलं. त्यात मसाले मागे पडले आणि थाईम, पार्सली, तमालपत्र असा तिथल्या मातीतला पाला पुढे आला. पिठाला स्निग्धात भाजून रस्सा दाट करण्याची पद्धत, म्हणजे 'रू', यात आहे. लोणी आणि हाडांचा उकळून काढलेला अर्क यांना मान मिळाला. विचार असा की कोबी कोबीसारखा लागला पाहिजे आणि मासा माशासारखा.

हा बदल का झाला? समुद्रमार्गाने व्यापार वाढला तसे मसाले स्वस्त झाले. जी वस्तू आता कुठलाही सुखवस्तू व्यापारी विकत घेऊ शकतो, तिने श्रीमंती कशी मिरवणार? म्हणून उमरावांनी मसाल्यांकडे पाठ फिरवली, असं काही इतिहासकार सांगतात. आता श्रीमंती दिसू लागली ती ताज्या भाज्या, लोणी आणि कसबी हात यांतून.

मासे वेळेवर आले नाहीत म्हणून...

हा सगळा थाट कळसाला पोचला चौदाव्या लुईच्या काळात. व्हर्सायच्या राजवाड्याजवळ दलदलीची जमीन भरून त्याने स्वतःच्या मुदपाकखान्यासाठी मोठी भाजीबाग करून घेतली. ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी या बागायततज्ज्ञाने १६७८ ते १६८३ या काळात ती उभी केली. हंगाम नसताना राजाला भाजी आणि फळं खायला घालणं, हे त्याचं काम. ही बाग आजही आहे.

पण या थाटाची किंमत कुणीतरी मोजत होतं. एप्रिल १६७१ मध्ये काँदेच्या राजपुत्राने शाँतिई इथल्या आपल्या वाड्यात राजाला मेजवानी दिली. शेकडो पाहुणे, काही दिवसांचा सोहळा. सगळी व्यवस्था फ्राँस्वा व्हातेल या कारभाऱ्याकडे होती. पहिल्या रात्री पाहुणे अपेक्षेपेक्षा जास्त आले आणि एकदोन टेबलांवर भाजलेलं मांस कमी पडलं. व्हातेलच्या ते जिव्हारी लागलं. दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे मांस वर्ज्य, सगळी भिस्त माशांवर. पहाटे पाहतो तर माशांचा अगदी थोडा माल आलेला. उरलेला येणारच नाही असं समजून तो आपल्या खोलीत गेला आणि तलवारीने त्याने जीव दिला. थोड्याच वेळात माशांच्या गाड्या यायला लागल्या.

मादाम द सेविन्ये या लेखिकेने त्याच दिवसांत लेकीला लिहिलेल्या पत्रांमुळे ही घटना आपल्याला माहीत आहे. मेजवानी मात्र थांबली नाही. ती ठरल्याप्रमाणे पार पडली.

पावासाठी राजवाड्यावर मोर्चा

राजवाड्यात हे चालू असताना बाहेरचा सामान्य फ्रेंच माणूस खात काय होता? पाव, सूप, आणि पुन्हा पाव. आपल्याकडे जे स्थान भाकरीचं, ते तिकडे पावाचं.

१७८८ मध्ये गारपिटीने पिकं झोडपली, मग कडाक्याचा हिवाळा आला. १७८९ च्या उन्हाळ्यापर्यंत पावाची किंमत इतकी चढली की पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त कमाई फक्त पावावर जायला लागली. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारातल्या बाया पावाची मागणी करत पावसात सुमारे २० किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या राजा-राणीला घेऊनच पॅरिसला परतल्या. तो राजा पुन्हा कधी व्हर्सायला राहायला गेला नाही.

लोकांकडे पाव नसेल तर त्यांनी केक खावा, असं राणी मारी आँत्वानेत म्हणाली, हे तुम्ही ऐकलं असेल. ती तसं म्हणाल्याचा पुरावा नाही. रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका अनाम राजकन्येच्या तोंडी तसे शब्द घातले होते. त्याने ते लिहिलं तेव्हा मारी आँत्वानेत ऑस्ट्रियात राहणारी लहान मुलगी होती. आणि मूळ शब्द केक नाही, 'ब्रियोश' आहे, म्हणजे लोणी आणि अंडी घातलेला गोडसर पाव.

१७९३ मध्ये तर क्रांतिकारकांनी श्रीमंतांचा पांढरा पाव आणि गरिबांचा काळा पाव हा भेदच मोडायचं ठरवलं. सगळ्यांना एकच 'समतेचा पाव'. ती योजना टिकली नाही, पण पाव हा सरकारने लक्ष घालायचा विषय आहे, ही समजूत फ्रान्समध्ये कायमची रुजली. १९९३ च्या एका सरकारी आदेशानुसार 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून विकायचा असेल तर तो पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांचाच हवा. रासायनिक भर घालायची नाही आणि पीठ गोठवायचं नाही. २०२२ मध्ये बगेत, म्हणजे तो लांब काठीसारखा पाव बनवण्याचं कसब युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं.

'रेस्टॉरंट' म्हणजे मुळात एक सूप

क्रांतीच्या थोडं आधी, १७६० च्या दशकात, पॅरिसमध्ये एक नवीन धंदा सुरू झाला होता. अशक्त माणसांना ताकद यावी म्हणून मांसाचा कढत अर्क विकणारी दुकानं. या अर्काला म्हणायचे 'रेस्तोराँ', म्हणजे तब्येत पुन्हा ठीक करणारं. पदार्थाचं नाव हळूहळू दुकानाला चिकटलं.

त्याआधी बाहेर जेवायचं म्हणजे खाणावळ. ठरलेल्या वेळेला जायचं, अनोळखी लोकांसोबत एका लांब टेबलावर बसायचं आणि समोर येईल ते खायचं. रेस्टॉरंटने हे बदललं. तुमचं वेगळं टेबल, तुमच्या सोयीची वेळ, पदार्थांची छापील यादी आणि प्रत्येकाची किंमत.

मग क्रांती झाली. अनेक उमराव देश सोडून पळाले, काहींची डोकी उडाली, आणि त्यांचे आचारी बेकार झाले. त्याच सुमारास, १७९१ मध्ये, कुणी कोणता पदार्थ विकायचा हे ठरवणाऱ्या जुन्या व्यवसाय-संघांची मक्तेदारी कायद्याने संपली. बऱ्याच आचाऱ्यांनी स्वतःची दुकानं थाटली. जे पदार्थ आधी फक्त वाड्यांच्या भिंतींआड मिळायचे, ते आता पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळू लागले. अर्थात पैसे मोजणाऱ्यालाच. समता आली ती एवढ्यापुरतीच.

गिऱ्हाईकं वाढली तसं कुठे चांगलं मिळतं हे सांगणारेही आले. ग्रिमो द ला रेनियेर याने १८०३ पासून खवय्यांसाठी वार्षिक अंक काढायला सुरुवात केली. आजचे फूड व्लॉगर त्याच परंपरेतले म्हणायला हरकत नाही.

रस्त्यावर सोडलेला मुलगा बनला राजांचा आचारी

मारी-आँत्वान कारेम हा पॅरिसमधल्या एका गरीब, खटलेदार कुटुंबातला मुलगा. क्रांतीच्या धामधुमीत बापाने त्याला लहानपणीच स्वतःचं पोट भरायला बाहेर काढलं. एका साध्या खाणावळीत कष्ट करत तो पुढे नावाजलेल्या मिठाईवाल्याकडे शिकला. रिकाम्या वेळात ग्रंथालयात जाऊन जुन्या इमारतींची चित्रं बघायचा आणि तशाच इमारती साखर, बदाम आणि पिठातून उभ्या करायचा.

पुढे त्याने परराष्ट्रमंत्री तालेराँ, इंग्लंडचा युवराज, बँकवाले रॉथशिल्ड अशा बड्या लोकांकडे काम केलं. पण त्याचं मोठं काम म्हणजे त्याने फ्रेंच पाककलेची विगतवारी लावली. शेकडो सॉस मुळात मोजक्या 'मातृ-सॉस'पासून बनतात, हे त्याने दाखवून दिलं. एक आधार आला की बाकीचे त्यात भर घालून करता येतात. फोडणीचं वरण जमलं की आमटी, सांबार वगैरे पुढची मंडळी जमतात, तसाच प्रकार.

१८३३ मध्ये, पन्नाशीही न गाठता तो गेला. वर्षानुवर्षं बंद स्वयंपाकघरात कोळशाचा धूर छातीत घेतल्याने त्याची तब्येत ढासळली, असं मानलं जातं.

त्याच शतकात वाढायची पद्धतही बदलली. जुन्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडले जायचे. दिसायला भव्य, पण हाताशी येईल ते घ्यायचं आणि तेही बऱ्याचदा थंड झालेलं. मग 'रशियन पद्धत' आली. एकामागून एक पदार्थ, प्रत्येकाला गरम. आज ज्याला आपण 'फ्रेंच कोर्स मील' म्हणतो, त्याचा क्रम असा रशियन नावाचा आहे.

स्वयंपाकघरात लष्करी शिस्त

ऑग्युस्त एस्कॉफिए याने १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक केला होता. नंतर सेझार रिट्झ या हॉटेलवाल्यासोबत त्याने लंडनच्या सॅव्हॉय आणि पुढे पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळलं.

त्याने कामाची विभागणी केली. सॉस करणारा वेगळा, मासे करणारा वेगळा, भाजणारा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा. प्रत्येक विभागाला एक प्रमुख, सगळ्यांवर उपप्रमुख आणि वर मुख्य शेफ. एकच थाळी अनेक हातांनी मिळून तयार व्हायची, त्यामुळे वेळ वाचायचा. भटारखान्यातली दारू आणि आरडाओरडा बंद करण्यावर त्याचा कटाक्ष होता. १९०३ मध्ये त्याचं 'ल गीद क्युलिनेर' हे पुस्तक आलं, त्यात हजारो पाककृती आहेत.

महाराष्ट्रात हॉटेल मॅनेजमेंट शिकणारी पोरंही पहिल्या वर्षात जे पाच 'मदर सॉस' पाठ करतात, म्हणजे बेशामेल, वेलुते, एस्पान्योल, टोमॅटो आणि हॉलंडेज, ती याच परंपरेची देणगी.

टायर कंपनीचे तारे आणि ल्योनच्या 'आया'

१९०० मध्ये फ्रान्समध्ये मोटारी मोजक्याच होत्या. मिशेलिन बंधू टायर बनवायचे. लोक जितकं फिरतील तितके टायर झिजतील, या हिशेबाने त्यांनी एक पुस्तिका फुकट वाटली. त्यात गॅरेज, पेट्रोल, मुक्कामाची ठिकाणं यांची माहिती होती. १९२६ पासून चांगल्या जेवणासाठी तारा द्यायला सुरुवात झाली आणि १९३० च्या दशकात एक, दोन, तीन ताऱ्यांची पद्धत स्थिर झाली. तीन तारे म्हणजे केवळ जेवायला म्हणून प्रवास करावा अशी जागा.

आतापर्यंतच्या गोष्टीत सगळे पुरुषच आहेत, हे लक्षात आलं असेल. घराघरांत स्वयंपाक बायकाच करत होत्या, पण नाव पुरुषांचं होत होतं. ल्योन शहर याला अपवाद ठरलं. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या तिथल्या बायकांनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर', म्हणजे आई म्हणायचे. त्यातली युजिनी ब्राझिए शेतकरी घरातली, लहानपणी गुरं-डुकरं राखलेली. १९३३ मध्ये तिच्या दोन्ही रेस्टॉरंटना तीन-तीन तारे मिळाले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती. नंतर जगप्रसिद्ध झालेला पॉल बॉकूज तरुणपणी तिच्याच हाताखाली राबला होता. १९७० च्या दशकात जड सॉस कमी करून हलकं, ताजं जेवण करण्याची जी 'नवी पाककला' गाजली, तिच्या नामवंतांत बॉकूज होता.

फ्रेंच माणूस जेवतो कसा?

रोज काही कुणी सात पदार्थांची मेजवानी करत नाही. पण रोजच्या जेवणालाही क्रम असतो. आधी काहीतरी हलकं, मग मुख्य पदार्थ, मग चीज किंवा दही, शेवटी फळ किंवा गोड. गोड शेवटीच. कॉफी त्याच्याही नंतर. 'आँत्रे' म्हणजे फ्रान्समध्ये सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ मुख्य पदार्थ असा होतो.

काही रिवाज तर मजेशीर आहेत. पाव बशीत न ठेवता सरळ टेबलावर ठेवतात. तो उलटा ठेवणं अशुभ मानतात. एके काळी पाववाला फाशी देणाऱ्या जल्लादाचा पाव वेगळा कळावा म्हणून उलटा ठेवायचा, अशी त्यामागची आख्यायिका. दोन्ही मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत, हात मांडीवर ठेवणं बरं दिसत नाही. सगळ्यांना वाढून होईपर्यंत सुरुवात करायची नाही. त्रिकोणी चीजचं टोक कापून घ्यायचं नाही, कारण मधला मऊ भाग सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा. पंगतीत आपल्याकडेही 'वदनी कवळ' होईपर्यंत घास उचलत नाहीत, त्यामुळे यातलं मर्म मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

प्रांतागणिक चवही बदलते. उत्तरेच्या नॉर्मंडीत लोणी आणि साय, दक्षिणेच्या प्रोव्हाँसमध्ये ऑलिव्ह तेल आणि लसूण, नैऋत्येला बदकाची चरबी, जर्मनीला लागून असलेल्या अल्सासमध्ये आंबवलेला कोबी. अल्जीरियातून आलेल्या लोकांमुळे कुसकुसही आता तिथल्या आवडत्या पदार्थांत गणला जातो.

शाळेतल्या मुलांनाही दुपारी असंच क्रमाने वाढलं जातं, आणि २०११ च्या नियमांनी शाळेच्या भोजनगृहात केचप हवं तितकं घेण्यावर बंधन आणलं. कामाच्या जागी कर्मचाऱ्यांना जेवू देऊ नये, असाही कामगार कायद्यात नियम आहे. ऑफिसच्या टेबलावर डबा उघडायचा नाही, उठून दुसरीकडे जायचं. २०२१ मध्ये कोविडमुळे सरकारला या नियमात तात्पुरती सूट द्यावी लागली.

मग आज सगळं आलबेल आहे का?

नाही. मॅकडोनाल्ड्ससाठी फ्रान्स ही अमेरिकेबाहेरची एक मोठी बाजारपेठ आहे. १९९९ मध्ये शेतकरी नेता जोझे बोवे आणि त्याच्या साथीदारांनी मियो गावात मॅकडोनाल्ड्सचं बांधकाम सुरू असलेलं दुकान मोडून टाकलं होतं, तरी बर्गर काही थांबला नाही. तयार गोठवलेले पदार्थ गरम करून वाढणारी रेस्टॉरंट इतकी वाढली की २०१४ मध्ये सरकारला 'इथेच बनवलेलं' असं चिन्ह आणावं लागलं.

२०१० मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत 'फ्रेंचांचं जेवण' नोंदवलं, ते या पार्श्वभूमीवर. ती नोंद वाचण्यासारखी आहे. त्यात कुठल्या एका पदार्थाला मान दिलेला नाही. जन्म, लग्न, वाढदिवस, भेटीगाठी अशा प्रसंगी माणसांनी एकत्र येणं, चांगला जिन्नस निवडणं, टेबल सजवणं, किमान चार टप्प्यांत जेवणं आणि जेवताना जेवणाबद्दल बोलणं, या रिवाजाची ती नोंद आहे.

थोडक्यात काय, तर राजवाड्यातला क्रम रस्त्यावर आला, रस्त्यावरचा घरात गेला, आणि आता तो घरात टिकतो की नाही हा प्रश्न आहे. मोबाईल बघत एकट्याने उरकलेलं जेवण फ्रान्समध्येही वाढतंय. पाककृती पुस्तकात लिहून ठेवता येतात, त्या कारेम आणि एस्कॉफिएने लिहून ठेवल्याच आहेत. सोबत बसून जेवणं मात्र रोज नव्याने करावं लागतं.